अकरा मिनिटांचे रस्ते

मी संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर दुसऱ्या कुणी सांगायला नको. दूधवाल्याने माप जरा जास्त घातलं, तर आज याला माझा एवढा पुळका का आला, असं माझ्या मनात येतं. नवरा म्हणतो, "आरशात बघतेस तेव्हा त्या बाईवर तरी विश्वास ठेवतेस का गं?" म्हणू दे. आमच्या डेपोत साहेबांना माझा हा स्वभाव भारी सोयीचा पडतो. कुठलाही कागद तपासायचा झाला की तो माझ्या टेबलावर येतो आणि मी त्यात काहीतरी शोधून काढतेच.

आमचा डेपो ऑक्सिजनच्या सिलिंडरचा. ज्यांना घरी ऑक्सिजन लावावा लागतो, त्यांच्याकडे भरलेला सिलिंडर पोचवायचा आणि रिकामा परत आणायचा. गाड्या तीन. त्यातल्या एका गाडीवरच्या माणसाची ही गोष्ट. त्याला सगळे नकाशा म्हणतात. मी तोंडावर अहो-जाहो करायची आणि पाठीमागे अरे-तुरे, तेव्हा इथेही तसंच लिहिते. खोटा मान देण्यात काय अर्थ आहे?

नकाशाचे वडील लाकडाच्या वखारीत मोजणीदार होते. शाळा सातवीपर्यंत. सतराव्या वर्षी तो डेपोत सिलिंडर लोळवायला लागला. भरलेला सिलिंडर उचलत नाहीत, जरा तिरपा करून कडेवर गोल फिरवत नेतात. हा एकेका हाताने एकेक, असे दोन बरोबर न्यायचा आणि वर कुणाशी तरी भांडतही असायचा. सिलिंडर कुणी आपटला तर त्या माणसाचं काही खरं नसायचं. "आत वारा नाहीये रे, कुणाचा तरी श्वास आहे," असं ओरडायचा. पुढे गाडी चालवायला शिकला आणि तीस वर्षांत गावातली एकही गल्ली त्याच्या चाकाखालून सुटली नाही. आता छप्पन वर्षांचा. बायको घरी शिवणकाम करते, मुलगी लग्न होऊन दुसऱ्या गावी असते. पेशंटच्या घरी कधी चहा घ्यायचा नाही. म्हणायचा, "चोवीस घरी चहा घेतला तर संध्याकाळी मलाच सिलिंडर लावावा लागेल."

गोदामात त्याची एक फळी होती. तिच्यावर गावाचं चित्र आणि प्रत्येक पेशंटच्या घरी एकेक खिळा. रोज सकाळी गाडी भरायच्या आधी तो खिळ्याखिळ्यांतून तांबडा दोरा फिरवायचा. आधी जवळचं घर, मग त्याच्या जवळचं, असं करत शेवटपर्यंत. मग लांब उभा राहून बघायचा. दोरा कुठे स्वतःलाच ओलांडून गेलेला दिसला की तेवढा सोडून उलटा घालायचा. "दोऱ्यावर दोरा आला म्हणजे तेल फुकट गेलं," हा त्याचा नियम. दहा मिनिटांत त्याचा दिवस ठरायचा.

आणि रोज संध्याकाळी तो माझ्याकडे कागद द्यायचा. कुठून कुठे, किती वेळ लागला. बाकीचे दोघे ड्रायव्हर नीट इंग्रजी आकड्यांत मिनिटं लिहायचे, बावीस, सतरा, चाळीस. याचं सगळंच न्यारं. काड्यांसारखे आकडे ओढायचा आणि तेही मोजून तीन प्रकारचे. एक, अकरा, एकशे अकरा. अकरा, अकरा, एक, अकरा, एकशे अकरा, अकरा. नऊ वर्षांपूर्वी मी नोकरीला लागले तेव्हापासून मी ते संगणकात भरत होते आणि पहिल्याच आठवड्यात माझं मत झालं होतं, की हा माणूस घड्याळ बघतच नाही, नुसता पेन टेकवून देतो. गावातल्या सगळ्या रस्त्यांना अकरा मिनिटं? कुणाला बनवतोय हा?

तो आणि मी रोज एकमेकांपासून पाच पावलांवर असायचो. मी कधी काही बोलले नाही. संशय असला की विचारायचं नाही, बघत राहायचं, हे माझं तत्त्व.

यंदा साहेबांनी रस्ते ठरवायला एक प्रोग्रॅम आणला. तो लावायला आलेल्या बाईंनी सगळ्यांना गोदामात बसवून समजावलं. चोवीस घरं किती वेगवेगळ्या क्रमांनी घेता येतील, माहितीये? सहावर तेवीस शून्यं. सगळे क्रम तपासत बसलं तर जन्म पुरायचा नाही. म्हणून यंत्र युक्तीने घेतं. आधी जवळचं घर पकडत एक बरा रस्ता काढायचा, ओलांडलेल्या रेषा सोडवायच्या. अगदी सर्वोत्तमच सापडेल अशी हमी नाही, पण चांगला सापडतो, आणि लवकर.

"हे तर आमचा नकाशा रोज करतो, बिनपगारी," एक ड्रायव्हर म्हणाला.

"पुढचं ऐका," बाई म्हणाल्या. यंत्र असे शेकडो रस्ते घेतं. त्यातले चांगले निवडतं. दोन चांगल्या रस्त्यांची जोडी लावतं, अर्धा क्रम याचा, उरलेली घरं त्याच्या क्रमाने, असा नवा रस्ता जन्माला घालतं. मधूनच एखाद्यात दोन घरांची उगाच अदलाबदल करून बघतं. वाईट निघाला तो मेला, चांगला निघाला तो पुढे जोडीला लागला. अशा हजारो पिढ्या.

मग काय विचारता! त्या दिवसापासून त्यांचं नाव पडलं पिढीबाई आणि डेपोत रस्त्यांची लग्नं लागायला लागली. कुणी म्हणे बाजाररस्त्याला मुलगी बघताहेत, कुणी म्हणे कालव्याचा रस्ता अजून बिनलग्नाचा कसा.

नकाशा मात्र हसला नाही. त्याने हात वर केला. "चांगला कोण आणि वाईट कोण, हे कोण ठरवतं?"

"मिनिटं. ज्याला एकूण मिनिटं कमी, तो जगतो."

"आणि मिनिटं कुठून आणली?"

"तुमच्याच कागदांवरून. नऊ वर्षांत एकही दिवस चुकला नाही, असे फक्त तुमचेच कागद आहेत. म्हणून सुरुवात तुमच्याच गाडीपासून."

"मग ठीक आहे," असं म्हणून तो खाली बसला. चेहऱ्यावर समाधान होतं. मला वाटलं, आता बरा सापडला. ठोकून दिलेल्या आकड्यांवर आता स्वतःच गाडी चालव.

पिढीबाईंना मी सांगितलं होतं, की आकडे मला संशयास्पद वाटतात. त्या म्हणाल्या, एका मिनिटाचे जे आहेत ते चूक धरून यंत्र टाकून देतं, तिथे गावाच्या छापील नकाशावरून अंदाज घेतं. एकशे अकरा म्हणजे गर्दीचा रस्ता असेल. बाकी ठीक वाटतंय. साहेबांनी तेवढ्यात अट घातली. पंधरा दिवस यंत्राच्या कागदाप्रमाणे गाडी जाईल. कागदावर घरांचा क्रम आणि शेवटी परतायची वेळ, एवढंच. त्यातले दहा दिवस जर अर्ध्या तासाहून जास्त उशीर झाला, तर ड्रायव्हर वाटेत थांबतो असं समजून त्याला गाडीवरून काढून गोदामात टाकायचं, गंज घासायला. "थांबणाऱ्याला माझ्याकडे गाडी नाही," साहेब म्हणाले आणि नोंद ठेवायचं काम अर्थातच माझ्याकडे दिलं.

पहिल्या दिवशी दीड तास उशीर. दुसऱ्या दिवशी दोन तास. मी मनात म्हटलं, पाणी मुरतंय कुठेतरी! एवढा वेळ हा करतो काय? गॅस परस्पर विकतो? का याचं दुसरं घर आहे? छप्पन वर्षं म्हणजे काही म्हातारपण नव्हे. नवऱ्याला सांगितलं तर तो पोट धरून हसला. "चोवीस सिलिंडर घेऊन प्रेयसीकडे जाणारा माणूस! दम लागू नये म्हणून का?" त्याच्याशी बोलण्यात अर्थच नसतो.

पाचव्या दिवशी मी अर्धी रजा टाकली, डोक्याला ओढणी गुंडाळली आणि स्कूटर घेऊन गाडीच्या मागे लागले. काय पाहिलं? दारात गाडी थांबते. सिलिंडर आत जातो. नकाशा जोडावर साबणाचं पाणी लावतो, फुगा येत नाही ना बघतो, पेशंटला "घ्या दीर्घ श्वास" म्हणतो, रिकामा घेऊन बाहेर येतो, निघतो. कुठे बसणं नाही, कुठे गप्पा नाहीत. मग कालव्याचा रस्ता लागला. यंत्राने तो एका दिवसात तीनदा घ्यायला सांगितला होता. खड्डे, एकच गाडी जाईल असा पूल, समोरून विटांचे ट्रक. वर तिथे त्याची गाडी आणखीच मंदावली. अर्धा तास झाला तरी रस्ता संपेना. आणि मला काय वाटलं असेल? याने आरशात मला पाहिलंय! मला दाखवायला मुद्दाम हळू चालवतोय, लबाड! मी तोंड फिरवून मधल्या फाट्याने निघून आले. डोळ्यांसमोर दिसत होतं, तरी माझ्या डोक्यात शिरलं नाही.

आठव्या दिवसापर्यंत फोन वाढले. सिलिंडर अजून कसा आला नाही, काटा खाली आलाय. प्रत्येक घरी अडचणीपुरता एक लहान सिलिंडर असतो म्हणून निभावलं, पण माणसं घाबरली होती आणि घाबरलेली माणसं ओरडतात. त्या संध्याकाळी नकाशा माझ्या टेबलाशी आला.

"बाई, माझे जुने कागद बघायला मिळतील का?"

"कशाला?"

"बघायचंय, पूर्वी मी कसा जात होतो ते."

मी लगेच सावध. कागद मागतोय म्हणजे फिरवायचा विचार आहे! खाडाखोड करणार! "साहेबांच्या परवानगीशिवाय कागद मिळत नाहीत," मी म्हटलं आणि त्याच्यादेखत कपाटाला कुलूप लावलं. तसा काही नियम नव्हता. मी जागच्या जागी तो केला. तो बरं म्हणून गेला.

दहा दिवसांत आठ उशीर झाले होते, बाराव्या दिवशी दहावा लागणार होता. अकराव्या दिवशी सकाळीच त्याने किल्ली आणून साहेबांच्या टेबलावर ठेवली.

"वेळा माझ्याच आहेत," तो म्हणाला. "म्हणजे पूर्वी मी एवढ्यात जात होतो. आता होत नाही. डोळे तपासून आलो, डोळे चांगले आहेत. मग हातच मंद झाले असणार. तिकडे माणसं ताटकळतात, ते बरं नाही. दुसऱ्या कुणाला तरी द्या गाडी."

साहेबांनी किल्ली उचलून खणात ठेवली. पकडला जायच्या आधी पळाला, असं म्हणून मी वहीत त्या दिवसाची रेघ ओढली. आणि तो खरंच गोदामात जाऊन तारेचा ब्रश घेऊन बसला.

बदलीच्या अर्जावर त्याची सही राहिली होती. दुसऱ्या दिवशी तो कामावर आला नाही, अंग दुखतंय असा निरोप आला. साहेब म्हणाले, शिपाई पाठवू. मी म्हटलं, मीच जाते. खरं कारण सांगू? मला त्याचं घर बघायचं होतं. गॅस विकणाऱ्याच्या घरात काहीतरी नवंकोरं दिसणारच.

दोन खोल्या. मशीन, कापडाची गाठोडी, भिंतीला टेकलेली खाट. खाटेवर नकाशा तोंड भिंतीकडे करून झोपला होता, भर दुपारी. नवंकोरं काही नव्हतं. त्याची बायको हळू आवाजात म्हणाली, "तीन दिवस झोप नाही त्यांना. सारखं विचारतात, मी खरंच हळू चालवतो का गं? आता मला काय कळतं गाडीतलं?" मग म्हणाली, "त्या दिवशी तुम्ही कालव्यावर मागे होतात ना? हे घरी येऊन म्हणाले, बाईंचं काहीतरी काम असेल म्हणून मी गाडी हळू घेतली, पण त्या गाठायच्या आधीच वळून गेल्या."

नजर चुकवायला मशीनवर पडलेली तिची मापांची वही मी हातात घेतली. छाती ३४॥. बाही १४।. कंबर ३०॥।. ओळीने तशाच काड्या.

"हे चौतीसच्या पुढे अकरा कसलं?" मी विचारलं.

"अकरा कुठलं बाई!" ती हसली. "साडेचौतीस ते. एक रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. सासरे वखारीत असं लिहायचे, त्यांनी यांना शिकवलं, यांनी मला. तुम्हाला नाही शिकवलं शाळेत?"

नाही शिकवलं. मी वहीतल्या काड्यांवरून बोट फिरवत एकेक मोजली.

पाव तास. अर्धा तास. पाऊण तास. नऊ वर्षं तो माणूस रोज खरा वेळ लिहीत होता आणि मी रोज त्याचं खोटं करत होते. अर्ध्या तासाचा प्रत्येक रस्ता मी अकरा मिनिटांचा करून ठेवला होता. यंत्राला तेवढंच हवं होतं! मिनिटं कमी तो जगतो. हजारो पिढ्या तपासून त्याने नेमके तेच रस्ते निवडले, जे माझ्या चुकीने सगळ्यात जास्त आखूड झाले होते. तीनदा कालवा घ्यायला यंत्राने नव्हतं सांगितलं, मी सांगितलं होतं.

सही न घेताच मी डेपोत परतले. साहेब आणि पिढीबाई दोघंही होते, दोघांना कागद पसरून दाखवले. पिढीबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. "मला विचारायला हवं होतं," त्या म्हणाल्या. साहेबांनी दार लोटलं. "बाई, हे आपल्यातच राहू द्या. त्याला परत बोलावू, वय बघून सवलत दिली असं सांगू. उगाच बोभाटा कशाला? तुमच्याही नोकरीचं बघायला हवं ना?"

खोटं कशाला बोलू, मोह झाला. कुणालाही कळलं नसतं. पण मग तो माणूस जन्मभर हात मंद झाले असं समजून सवलतीवर गाडी चालवत राहिला असता. मी म्हटलं, "नाही साहेब. मी सांगणार. सगळ्यांसमोर."

पिढीबाईंनी सगळे आकडे सुधारले. एकाचे पंधरा, अकराचे तीस, एकशे अकराचे पंचेचाळीस. यंत्र पुन्हा पिढ्या मोजायला लागलं. आमचा चहा होईस्तोवर नवा रस्ता आला. बहुतेक सगळा नकाशाचाच होता, घरामागून घर. फक्त दोन ठिकाणी वेगळा आणि पाव तासाने लहान.

सकाळी तो गोदामात आला, ब्रश हातात घेऊन बसला. मी सगळ्यांना बोलावलं आणि सांगून टाकलं. काड्या मी वाचल्या, चूक मी केली, कागद मी दाखवले नाहीत, मागे मी लागले. शेवटचं वाक्य म्हणताना रडू आलं, ते आवरलंही नाही. दोघे ड्रायव्हर खाली बघत उभे होते.

नकाशाने दोन्ही हात समोर धरून उलटसुलट करून पाहिले. "म्हणजे मी मंद नाही झालो?"

"नाही," मी म्हटलं. "कधीच नाही."

त्याने नवा कागद घेतला, बोटाने एकेक घर वाचत गेला. त्या दोन ठिकाणी थांबला. मग मान हलवून म्हणाला, "हे बरोबर आहे. तीस वर्षांत मला नव्हतं सुचलं."

साहेबांनी किल्ली पुढे केली. त्याने ती घेतली, खिशात टाकली आणि माझ्याकडे वळला. रागाने बोलला असता तर बरं वाटलं असतं, मला भांडता आलं असतं.

"बाई, यंत्रावर माझा राग नाही," तो म्हणाला. "त्याला जे दिलं ते त्याने खरं धरलं. तुम्ही नऊ वर्षं माझा रोजचा कागद वाचलात आणि एकही खरा धरला नाहीत. का, ते एकदा विचारायचं तरी."

एवढं बोलून तो गाडीत सिलिंडर भरायला गेला. मी तिथेच उभी राहिले आणि त्या 'का'चं उत्तर शोधत राहिले. त्याने कधी काही केलं होतं का? काही म्हणजे काही नव्हतं केलं.